जाळीखालचा खडक

दगडफूल हे फूल नव्हे, असं मराठी माणसाला कुणी सांगितलं तर तो मान डोलावतो आणि पुन्हा मसाल्याच्या डब्याकडे वळतो. धणे, तीळ, खोबरं भाजून झालं की शेवटी मूठभर करड्या-काळ्या पापड्या तेलात पडतात, घरभर वास सुटतो, आणि हा पदार्थ येतो कुठून याची चौकशी कुणी करत नाही. तनुजा शेलारनंही लग्नानंतर बरीच वर्षं ती केली नव्हती. पुढे मात्र अशी वेळ आली, की दगडफुलाबद्दल तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं अख्ख्या पाटण तालुक्यात दुसऱ्या कुणाला नव्हतं. त्यातलं निम्मं ठाऊक झालंच नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटे. पण ते नंतर.

तनुजाचं गाव कारवटवाडी. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं मैलभर सपाट पठार. खाली जांभा खडक, वर बोटभर माती, पावसाळ्यात तळी आणि उन्हाळ्यात तवा.

त्या वर्षांत ऊन बदललं होतं. कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. प्रत्येकाला खिशातल्या फोनला रेंज हवी होती, इतकंच. त्यासाठी हजारो छोटे उपग्रह वर पाठवले गेले, पाचसहा वर्षांनी ते निकामी होऊन वातावरणात जळत राहिले, आणि जळताना त्यांच्यातल्या अॅल्युमिनियमची बारीक राख ओझोनच्या थरात साचत गेली. थर झिजला. पूर्वी वरच्या वर अडणारे अतिनील किरण खाली उतरू लागले. गावोगाव भोंगे बसले. अकराला एकदा वाजे, चारला एकदा, आणि मधल्या वेळात काम नसेल त्यानं घराबाहेर पडू नये असा नियम. लोकांनी चार दिवस कुरकुर केली आणि मग भोंग्यावर दुपारचं जेवण लावून घेतलं.

तनुजाच्या मुलीला, रेवाला, हा भोंगा पुरेसा नव्हता. तिचा भोंगा सूर्य उगवला की वाजे आणि मावळला की थांबे. उन्हानं सगळ्यांच्याच पेशींमधल्या जनुकांची मोडतोड होते. शरीर ती गुपचूप दुरुस्त करत बसतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. रेवाच्या शरीरात तो दुरुस्ती करणारा कारागीर जन्मापासूनच नव्हता. दीड वर्षाची असताना आजीनं तेल लावून तिला कोवळ्या उन्हात दहा मिनिटं ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत पोरीच्या तोंडावर फोड आले. कराडच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं ते तनुजाच्या लक्षात राहिलं नाही. "उपाय नाही, सांभाळायचं," हे तेवढं राहिलं. मग घराच्या खिडक्यांना पिवळी फिल्म लागली, दाराला दुहेरी पडदे आले, आणि रेवाचं बालपण पिकल्या आंब्याच्या रंगाच्या उजेडात गेलं.

रेवा सहा वर्षांची असताना पुण्याहून डॉ. हर्षदा मुजुमदार सड्यावर आल्या. उन्हात खडक तडकत असतानाही त्यावरचं काळं दगडफूल मजेत कसं जगतं, हे त्यांना शोधायचं होतं. सड्यावर त्यांनी पत्र्याचं एक केंद्र उभारलं आणि हाताखाली तनुजाला घेतलं.

"तनुजाताई, हे एक झाड नाही. हा दोघांचा संसार आहे," मॅडमनी पहिल्याच दिवशी भिंग तिच्या हातात दिलं. "बुरशी घर बांधते. त्या घरात हिरवं शेवाळ राहतं आणि उन्हावर दोघांचा स्वयंपाक करतं. बुरशीला स्वयंपाक येत नाही आणि शेवाळाला छप्पर नाही."

"मग आमच्यासारखंच की," तनुजा म्हणाली. "आमच्या घरातल्या छपराला बी सैपाक येत न्हाई."

तिचा नवरा संकेत तेव्हा मॅडमची खोकी टेम्पोतून उतरवत होता. तो नुसताच हसला.

मॅडमनी एक प्रयोग केला. पाण्याच्या टाक्यांमधले जंतू मारायला वापरतात तसला अतिनील दिवा लावून त्याखाली दगडफुलाचा तुकडा ठेवला. तीन महिने दिवा अहोरात्र चालू. त्यानंतर तुकड्यावर पाणी शिंपडलं, तर तो हिरवट होऊन पुन्हा वाढायला लागला. मग त्यांनी आतलं शेवाळ बुरशीपासून सोडवलं आणि तेवढंच दिव्याखाली ठेवलं. ते एक मिनिटही जगलं नाही.

"एक मिनिट न्हाई?" तनुजानं विचारलं.

"नाही. सगळी किमया वरच्या छपराची. बुरशी आपल्या धाग्यांवर काही रंगद्रव्यं तयार करते. काळं तर दिसतंच आपल्याला, पण खरं काम करणारं हे." मॅडमनी काळ्या पापडीवरचा धुरकट थर दाखवला, काळ्या द्राक्षावर असतो तसा. "हे बारीक स्फटिक आहेत. जहरी किरण ते पिऊन टाकतात आणि त्यांची नुसती ऊब करून सोडून देतात."

तनुजानं भिंग खाली ठेवलं. पिवळ्या फिल्मच्या मागे बसलेली आपली पोर तिला दिसत होती. "मॅडम," ती म्हणाली, "हे माणसाला लावता यील का?"

मॅडमच्या कामाला खरी दिशा या प्रश्नानं मिळाली, असं त्या पुढे प्रत्येक भाषणात सांगत.

सात वर्षं लागली. केंद्रावर त्या धुरकट थराला सगळे साय म्हणत. हिवाळ्यात खडक खडखडीत वाळला की अॅसिटोननं, म्हणजे बायका नेलपेंट काढायला वापरतात त्यानं, दगडफूल अलगद धुवायचं. साय धाग्यांच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे ती उतरते आणि दगडफूल जिवंत राहतं. धुवण उडून गेलं की तळाशी पिवळसर भुकटी उरते, ती मलमात मळायची. पण धुतलेलं दगडफूल उघडं पडतं. म्हणून खडकावर हिरव्या जाळीचे तीन थर टाकायचे, आणि वर्षाला एक थर काढत जायचं. ऊन थोडं थोडं लागलं की बुरशी पुन्हा साय धरते. एक खडक सात वर्षांत एकदाच धुवायचा, हा मॅडमचा नियम. एवढ्यानं राज्यातल्या रेवासारख्या एकतीस रुग्णांना प्रत्येकी एक छोटी डबी मिळे. दवाखान्यात जाण्यापुरतं तोंडाला आणि हातांना लावायला ती पुरायची.

मलमाची प्रत तपासायला एक यंत्र होतं. काचेच्या पट्टीवर मलमाचा थर द्यायचा, पट्टी यंत्रात सरकवायची, की शंभरातले किती किरण अडले तो आकडा येई. नव्व्याण्णवच्या खाली आला की डबी बाद. हे काम अंधाऱ्या खोलीत बसून करायचं, त्यामुळे पंधराव्या वर्षापासून ते रेवाकडे आलं. ती ते मन लावून करी. प्रत्येक नमुना तीनदा तपासायची आणि अठ्ठ्याण्णव आला तरी डबी फेकून द्यायची.

"आगं, एकानं काय हुतंय?" तनुजा एकदा म्हणाली.

"एकानं एक पोरगी भाजते, आई," रेवा म्हणाली. 

सड्यावरचा नऊ नंबरचा खडक हा तनुजाचा लाडका. सूर्य मावळला की रेवा तिथे येऊन बसे, पाय पसरून, वारा खात. तिनं अक्षरं गिरवली ती त्याच खडकावर खडूनं. तो खडक एकदाच धुतला होता, पाच वर्षांपूर्वी. त्याची शेवटची जाळी केव्हाच निघायला हवी होती. पण चैत्र लागून सडा पेटला, की तनुजाच्यानं राहवत नसे. ती नवाच्या खडकावर पुन्हा एक जाळी ओढून टाकी, कधी दोन.

मॅडम रागवत. "ताई, तुम्ही त्याचे लाड करताय. चटका बसल्याशिवाय ते साय धरत नाही."

"एवढ्या उन्हात उघडं कसं टाकू, मॅडम?" तनुजा म्हणे. मॅडम पुण्याला गेल्या की जाळी पुन्हा खडकावर. उन्हापासून झाकणं म्हणजेच सांभाळणं, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. एकोणीस वर्षं तिनं दुसरं केलं तरी काय होतं?

रेवा एकोणीस वर्षांची झाली त्या माघात तिच्या डोळ्यांचा निकाल आला. बुबुळावर ढग येत होते. हा आजार डोळ्यांनाही सोडत नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात उजेड-अंधार कळेल, बाकी सांगता येत नाही.

त्या दिवशी घरी कुणी जेवलं नाही. संध्याकाळी रेवा आईजवळ येऊन बसली.

"आई, एक मागू?"

"माग की."

"मला माझी सावली बघायची आहे."

तनुजाला आधी कळलंच नाही.

"ट्यूबलाइटची नाही, उन्हातली. पुस्तकात चित्र असतं बघ, मुलगी चालते आणि सावली तिला चिकटून चालते. मी कधी पाहिली नाही. आणि नऊ मेला आपल्या इथे शून्य सावली असते. बारा एकतीसला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गुडूप होते. मला ती दिसायला हवी आणि मग माझ्या पायाखाली जायला हवी. दिसतंय तोवर."

एकोणीस वर्षांत पोरीनं मागितलं ते एवढंच. तिला नवा फोन नको होता, की पुण्याला जायचं नव्हतं.

संकेतला हे अजिबात पसंत नव्हतं. "भर दुपारी? यडी झालीस का तनू? एक साल थांब, मॅडम कायतरी नवीन काढतील."

"एक सालानं तिला दिसंल का, सांगा."

तो बाहेर जाऊन टेम्पो पुसत बसला, स्वच्छ होता तरी.

अंगभर मलम लावायचं तर दहा डब्यांचं मलम हवं. ते मागायची सोय नव्हती, कारण मागितलं असतं तर दहा लेकरांच्या तोंडचं काढून घ्यावं लागलं असतं, आणि रेवानंच ते घेतलं नसतं. म्हणून तनुजानं चोरी केली. आयुष्यातली पहिली. फाल्गुनातल्या एका कोरड्या सकाळी तिनं नवाच्या खडकावरची जाळी बाजूला केली. दगडफुलावर साय दिसत होती, धुरकट, छान. पाच वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, असं तिनं मनाशी म्हटलं आणि खडक धुतला. दोन वर्षं आधी.

ते मलम तपासायचं राहिलं. म्हणजे विसरलं नव्हतं, तिनं ते टाळलं. यंत्र रेवाच्या ताब्यात, आणि रेवाला खरं सांगायचं तर सगळंच मुसळ केरात. तिनं एका मोठ्या डब्यात मलम भरलं आणि लेकीला सांगितलं, "मॅडमनी खास पाठवलंय पुण्याहून. तिकडंच तपासलंय. नव्व्याण्णव."

रेवानं डबा आपल्याजवळ ठेवून घेतला. आठ मेच्या रात्री तिनं तो पुन्हा पुढ्यात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि आईकडे पाहिलं. "तू स्वतः आकडा बघितलास?"

"व्हय, बघितला की."

"मग झालं," रेवा म्हणाली.

नऊ मेला सकाळी तनुजानं लेकीला मलम लावायला घेतलं. दंड, पाठ, मान, कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात. रेवा हिरवट करडी दिसायला लागली.

"आई, अजून एक हात लाव."

तिनं लावला.

"अजून एक."

"आगं भिंत रंगवायलीस काय?" तनुजा हसली. तिसरा हात लावला तेव्हा डबा तळाला आला. रेवानं कडेला राहिलेलंसुद्धा बोटानं निपटून घेतलं आणि नाकाच्या शेंड्यावर लावलं.

साडेअकराला, भोंगा वाजून गेल्यावर, तिघं सड्यावर गेली. रेवानं मोठी टोपी, गॉगल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. संकेत छत्री घेऊन तिच्या डोक्यावर धरत होता. छत्रीचा गोल काळा ठिपका खडकावर पडला होता.

"बाबा, छत्री काढा ना जरा. मला माझी हवीये."

संकेतनं तनुजाकडे पाहिलं. तनुजानं मान हलवली. त्यानं छत्री मिटली.

रेवा खाली बघत उभी राहिली. खडकावर तिच्या पायापाशी एक बुटकी, ठसठशीत सावली होती. तिनं हात वर केला, सावलीनंही केला. ती एक पाऊल सरकली.

"आई! ही माझ्याबरोबर येते गं!"

आणि मग ती हसत सुटली. पुढे गेली, मागे आली, एका पायावर उडी मारली, वाकून सावलीच्या डोक्यावर हात ठेवला. आतापर्यंत तिला उजेडात कुणी धावताना पाहिलं नव्हतं. तनुजाला वाटलं, बास, यासाठी चोरी केली ती सार्थकी लागली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा बघायला लागली, कारण एक क्षणही सोडायचा नव्हता.

बारा वाजून गेले. सावली आखडत आखडत आली. रेवा नवाच्या खडकाशेजारी पाय जुळवून ताठ उभी राहिली. टोपी काढून तिनं आईच्या हातात दिली, म्हणाली, टोपीची सावली नको, फक्त माझी. बारा एकतीसला तिच्या पायाभोवती काहीच उरलं नाही. संकेत हातातल्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं आकडे मोजत होता.

"गेली," रेवा हळूच म्हणाली. "माझ्यात गेली."

संध्याकाळपासून तिची मान आणि हात लाल व्हायला लागले. सकाळी कपाळावर फोड होते.  तनुजा काही बोलायच्या आत रेवाच म्हणाली, "चूक माझी आहे, आई. मला घाम आला होता. मी बाहीनं तोंड पुसलं, मान पुसली. तू बघत नव्हतीस. मलम सगळं निघून गेलं असणार."

बुडत्याला काडीचा आधार. तनुजानं ती काडी हातात धरली, पण तिला ठाऊक होतं, आपण पापणी न लववता बघत होतो. पोरीनं तोंड पुसलेलं आपल्याला दिसलं कसं नाही? नवाच्या खडकावरच्या जाळ्या तिला आठवल्या. चैत्रातल्या, वैशाखातल्या, पाच वर्षांच्या. साय दिसत होती, पण चटका न बसलेली साय होती ती, पातळ. लाड केले होते तिनं. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बसली.

हे तिनं रेवाला कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून कितीदा तरी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. दारातूनच "चहा घेतीस का गं" असं विचारून परत आली.

श्रावणात मानेवरचा तीळ वाढायला लागला. त्यानंतर कराड, पुणे, पुन्हा कराड. तनुजानं मोठ्या डॉक्टरांना एकटं गाठून विचारलं, "त्या दिवसामुळंच का?" डॉक्टर भले होते. ते म्हणाले, या आजारात हे केव्हाही होऊ शकतं, एका दिवसावर बोट ठेवता येत नाही. तनुजानं मात्र बोट ठेवलं होतं.

रेवा पुढच्या वर्षी भाद्रपदात गेली. शेवटचे दोन महिने तिला दिसत नव्हतं. एकदा आईचा हात चाचपत ती म्हणाली, "मी बघितली ना गं, आई. झालं की." तनुजा तोंडात पदर कोंबून रडली, आवाज जाऊ नये म्हणून.

संकेतनं टेम्पो चालवणं सोडलं नाही. तो घरी आला की दारात थोडा वेळ तसाच उभा राही, मग आत येई. एकदा जेवताना म्हणाला, "तनू, पोरीनं सावली बघितली. तेवढं धर." तिला ते धरता येईना. भांडायलाही जीव उरला नव्हता दोघांच्यात.

केंद्र चालू राहिलं. एकतीस रुग्णांचे एकोणतीस झाले, मग पुन्हा तेहेतीस. तनुजा खडक धुई, जाळ्या टाकी, जाळ्या काढी. फक्त नवाच्या खडकावर तिनं तीन थर टाकले होते ते तसेच होते. मॅडमना तिनं चोरी कबूल केली होती. मॅडम तिच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिल्या. पण पुढे फोनवर प्रत्येक वेळी सांगत, "ताई, नवाची एक तरी जाळी काढा. तो आतल्या आत फिकट पडतोय." ती हो म्हणे.

त्या नऊ मेनंतर रेवा यंत्रापाशी बसलीच नव्हती, आणि तनुजानंही त्याला हात लावला नव्हता. मलम तपासायला पुण्याला जाई. मग पौषात पुण्याचं यंत्र बिघडलं.

"ताई, तुमच्याकडचंच काढा आता," मॅडम म्हणाल्या. "नांदेडची मुलगी आहे, चार वर्षांची. परवा तिचं ऑपरेशन आहे, आईवडील उद्या सकाळी निघतायत. तिचं मलम आज तपासून जायला हवं."

सकाळचे नऊ वाजले होते. तनुजानं अंधाऱ्या खोलीत जाऊन यंत्रावरचं फडकं काढलं. फडक्याला अजून रेवाच्या तेलाचा वास होता, की तिला तसं वाटलं, कोण जाणे. तिनं काचेच्या पट्टीवर मलमाचा थर दिला, पट्टी सरकवली, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. जागा शिल्लक नाही. जुन्या नोंदी पुसायच्या का?

आपण काय पुसतोय ते बघावं म्हणून तिनं नोंदी उघडल्या. सगळ्या रेवाच्या. सगळ्यात वर शेवटच्या दिवसाचं पान होतं, त्यात नोंदी वेळेच्या क्रमानं. तारीख आठ मे. वेळ संध्याकाळी सहा एक्केचाळीस.

नमुन्याचं नाव: आईचं मलम. आकडा अठ्ठावन्न.

तनुजानं चष्मा काढून पुसला. त्याखाली पुन्हा तेच, सहा चव्वेचाळीस, अठ्ठावन्न. सहा अठ्ठेचाळीस, अठ्ठावन्न. प्रत्येक नमुना तीनदा तपासायची तिची सवय.

मग सात वाजून पाच मिनिटं. आईचं मलम, दोन थर. ब्याऐंशी.

सात वीस. आईचं मलम, तीन थर. त्र्याण्णव.

पुढे काही नव्हतं. डब्यात तीन हातांपुरतंच मलम होतं.

तनुजा स्टुलावर बसली. अजून एक हात लाव. अजून एक. आणि आपण हसलो होतो, भिंत रंगवायलीस काय म्हणून. पोरीनं सगळं मोजलं होतं. अठ्ठ्याण्णवची डबी फेकून देणारी पोर, तिनं त्र्याण्णव अंगाला लावून घेतलं आणि उन्हात गेली. आणि फोड आल्यावर घाम पुसल्याचं खोटं बोलली, आईनं तोंड उघडायच्या आत.

"खोटारडे," तनुजा मोठ्यानं म्हणाली. "खोटारडे, माहीत असून गेलीस?" आणि लगेच तिला कळलं, खोटं आधी कुणी बोललं ते. आकडा बघितलास का, असं पोरीनं विचारलं होतं. तेव्हा तिला आकडा ठाऊक होता. ती वाट बघत होती, आई खरं सांगते का याची. आईनं सांगितलं असतं तर कदाचित दोघी मिळून रडल्या असत्या, कदाचित घरी बसल्या असत्या, कदाचित तरीही गेल्या असत्या. पण बरोबर गेल्या असत्या. सोळा महिने एका छपराखाली दोघींनी एकमेकींना जपलं, आणि दोघी एकेकट्या राहिल्या. तनुजा टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. तिला आवाज दाबायची गरज उरली नव्हती. ऐकायला कुणी नव्हतं.

पडदा अजून विचारत होता. तिनं तळापासून सुरुवात केली, सगळ्यात जुन्या नोंदी एकेक करून पुसल्या, जागा झाली तिथे थांबली. वरच्या पाच तशाच ठेवल्या. मग नांदेडच्या मुलीचं मलम तपासलं. नव्व्याण्णव. पुन्हा तपासलं. पुन्हा. तिन्ही वेळा नव्व्याण्णव आल्यावर डबीवर नाव लिहिलं आणि बाहेर उभ्या असलेल्या संकेतच्या हातात दिली.

त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झालं?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली. "सगळं सांगते. तुम्ही आधी ही कराडला नांदेडच्या गाडीवर पोचवा."

टेम्पो उतारावरून दिसेनासा झाल्यावर ती सड्यावर गेली. भोंग्याला अजून तासभर अवकाश होता. नवाच्या खडकाशी ती वाकली, कडेचे दगड बाजूला केले आणि वरची जाळी ओढून काढली. मग दुसरी. तिसरी मात्र राहू दिली. एकदम नाही सोसणार त्याला. जाळीच्या भोकांतून खाली दगडफूल दिसत होतं, फिकट, पण जिवंत.

पौषातलं ऊन तिच्या पाठीवर होतं आणि तिची लांब सावली अख्ख्या खडकावर पडली होती. तनुजा थोडा वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. मग ती बाजूला झाली.